दुसरे डोळे

त्या शनिवारी आम्ही दोघांनी मिळून एक वायर बदलली. एवढंच. बाकी त्या दिवसात सांगण्यासारखं काही नव्हतं. मी मिलवॉकीहून उजाडता उजाडता निघाले, अडीच तास गाडी चालवली, वाटेत पेट्रोल पंपावर घेतलेली कॉफी हँगरपर्यंत गार झाली. मे महिना होता तरी हँगरच्या पत्र्याला हात लावला की गारठा बोटांतून वर चढत होता. डॅड विमानाच्या नाकाजवळ उलट्या बादलीवर बसला होता. मला बघून त्यानं घड्याळाकडे पाहिलं, काही बोलला नाही. म्हणजे मी वेळेवर आले होते. उशीर झाला असता तर बोलला असता. अकरा वर्षं त्यानं हे दोन माणसांचं विमान एकेक पत्रा कापून, एकेक रिव्हेट ठोकून बनवलं होतं. गेली दोन वर्षं मी दर शनिवारी येऊन त्यातल्या वायरी जोडत होते. पॅनेलवरचे दोन पडदे, रेडिओ, वेग आणि उंची सांगणारी पेटी, आणि त्या सगळ्यांच्या मागचं वायरींचं जाळं, ते माझं. चाळीस वर्षं कागद गिरणीत इलेक्ट्रिशियन असलेल्या माणसाची बोटं आता इतकी आखडली होती की टाचणीएवढी पिन त्याच्या चिमटीत राहत नव्हती. हे त्यानं मला कधी सांगितलं नाही. एका शनिवारी त्यानं नुसती पक्कड माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाला, "तुझ्या हातांना तसंही काही काम नाही."

मी प्रूफरीडर आहे. शाळेच्या पुस्तकांतल्या चुका शोधते. डॅडच्या लेखी हे कामच नव्हतं. "कागदावरच्या चुका," तो म्हणायचा, "कागद आकाशातून पडत नाही." पण चुका शोधायला मला शिकवलं त्यानंच. मी सात वर्षांची असताना ख्रिसमसच्या झाडावरची दिव्यांची माळ तो जमिनीवर पसरायचा. जुनी माळ, एक दिवा सैल झाला की सगळी विझायची. तो मुद्दाम एक दिवा ढिला करायचा आणि म्हणायचा, शोध. सापडेपर्यंत जेवण नाही. मॉम स्वयंपाकघरात भांडी वाजवत राहायची, म्हणजे तिला हे पसंत नाही असं आम्हाला कळावं. एका वर्षी त्यानं दोन दिवे ढिले केले आणि एकच म्हणून सांगितलं. मी एक शोधला, माळ पेटेना, म्हणून तो बरोबर शोधला असं मला वाटेना, परत पहिल्यापासून सुरुवात केली. रात्री जेवण गार झालं होतं. त्यानं माझ्या ताटात बटाटे वाढले आणि म्हणाला, "जगात कोण तुला सांगणार आहे किती चुका आहेत ते?" मला त्या वेळी तो फार शहाणा वाटला होता. खरं सांगायचं तर अजूनही वाटतो. त्याचा मला राग येतो तो याचसाठी.

त्या वायरीचं असं झालं होतं. विमानाला उडायची परवानगी मिळून तीन आठवडे झाले होते. पहिलं उड्डाण पुढच्या शनिवारी ठरलं होतं. बुधवारी डॅडनं धावपट्टीवर विमान नुसतं पळवून पाहिलं, तेव्हा पॅनेलवरचा पडदा दोनदा लुकलुकला. अर्थिंगचा दोष, असं त्यानं ठरवलं, आणि ते बरोबर होतं. त्या इंजिनाला ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही एका छोट्या संगणकाच्या हुकुमानं मिळत होतं. त्या संगणकाची अर्थिंगची वायर रंग दिलेल्या पत्र्यावर बसली होती, ती काढून नव्या जागी न्यायची होती. जाड वायर. तिच्या टोकाला लग बसवायचा. लग म्हणजे तांब्याची बोटभर नळी, पुढे स्क्रूसाठी कडी. वायरीचं टोक सोलायचं, आतल्या तांब्याच्या तारा नळीत सरकवायच्या, पक्कडीनं दाबायचं. नळीच्या पुढच्या तोंडातून तांब्याची टोकं डोकावली पाहिजेत. मग ओढून बघायचं. ओढून बघणं हा डॅडचा धर्म होता. मी दाबलेली प्रत्येक पिन त्यानं ओढून पाहिली होती, दोनशेच्या वर. मार्चमध्ये एका जुडग्यातली एक पिन त्याच्या हातात आली. मर्ल तिथं होता. मर्ल म्हणजे आमच्या धावपट्टीवरच्या क्लबचा तपासनीस आणि डॅडचा गिरणीपासूनचा दोस्त. डॅडनं ती पिन उजेडात धरली, मर्लला दाखवली, मग कापणी घेतली आणि जुडग्यातल्या अडतीसच्या अडतीस वायरी कापून टाकल्या. एकेक नाही, दोन घावांत. "आता परत कर," तो म्हणाला. मर्ल छताकडे बघत होता. मला पाच शनिवार लागले. शेवटी डॅडनं अडतीस वायरी ओढून पाहिल्या आणि "हं" म्हणाला. मर्ल म्हणाला, "वाईट नाही." आमच्याकडे याच्यावर स्तुती नसते. डॅडच्या तोंडून मी तेवढीही कधी ऐकली नव्हती.

आमच्या धावपट्टीवर एक रीत आहे. वायरीचा जोड कुणीही करो, त्याच्यावरची प्लास्टिकची नळी, तापवली की आकसून बसणारी, ती लगेच चढवायची नाही. मागे सरकवून ठेवायची. दुसरं कुणी येऊन उघडा जोड बघतं, मग ती नळी पुढे घेऊन तापवायची. कामाच्या वहीत त्यासाठी वेगळा रकाना असतो. काम कुणी केलं, आणि दुसरे डोळे कुणाचे. अकरा वर्षं डॅडच्या वहीत त्या रकान्यात मर्लचं नाव होतं. माझ्या वायरींसमोरही मर्लचंच. दुसऱ्या डोळ्यांनी बोलायचं नसतं. चूक दिसली तर सांगायची, नाही दिसली तर गप्प उठून जायचं. बायकांसारखं छान छान म्हणत बसायचं नाही, असं मर्ल म्हणायचा आणि मग माझ्याकडे बघून आपल्याच कानाची पाळी ओढायचा.

"डॅड," त्या शनिवारी मी म्हटलं, "ही मी करू का?"

"का? माझी बोटं गळून पडली काय?"

"मी तसं म्हटलं नाही."

"तू कधीच काही म्हणत नाहीस. त्या तुझ्या नवऱ्यालाही चार वर्षं काही म्हटलं नाहीस. एक दिवस तो भांडीसुद्धा घेऊन गेला."

"भांडी त्याचीच होती."

"असतील. जाड वायर आहे, मला जमते. तू दिवा धर."

मी दिवा धरला. त्यानं वायर सोलली. चष्मा कपाळावर होता आणि तो खाली ओढायची त्याला माझ्यासमोर लाज वाटत असावी. किती सोललं ते त्यानं बोटानं चाचपलं. लग चढवला, पक्कडीचा एक दांडा मांडीला टेकवला आणि दुसऱ्यावर दोन्ही हातांनी, खांद्यानं भार दिला. मानेवरची शीर फुगली. पक्कड कट्ट वाजून सुटली. मग त्यानं वायर धरून ओढली, एकदा, दोनदा, दुसऱ्यांदा तर बादलीवरून थोडा उठून. जोड हलला नाही. मग त्यानं ती वायर माझ्या बाजूला वळवली आणि तशीच धरून ठेवली. दिवा माझ्याच हातात होता. नळीच्या पुढच्या तोंडात तांबं दिसायला हवं होतं. तिथं काळं भोक होतं. वायर कमी सोलली होती. नळीनं धरलं होतं ते वरचं प्लास्टिक, आतल्या तारा जेमतेम कडेला टेकल्या असतील. म्हणूनच ती एवढी घट्ट बसली होती. प्लास्टिक तांब्यापेक्षा घट्ट धरलं जातं. ओढून बघणाऱ्याला ते कधीच कळणार नाही. मला ते दिसायला एका श्वासाएवढाही वेळ लागला नाही. पानावरचा चुकलेला शब्द वाचायच्या आधी टोचतो, तसं ते टोचलं. डॅड वायर धरून होता. मला वाटलं तो मिरवतोय. बघ, मला जमते. मी दिवा बाजूला ठेवला आणि मॉमनं दिलेला डबा उघडला. लोणी लावलेल्या बनमध्ये हॅम, शेपू घातलेली लोणच्याची काकडी, खोबऱ्याच्या वड्या. आम्ही जेवलो. तो काकडी दाढेखाली कुरकुरवत म्हणाला की धावपट्टीपलीकडच्या क्रॅनबेरीच्या तळ्यांवर, आंबट लाल फळांच्या त्या पाणथळ मळ्यांवर, या वर्षी दहिवर जास्त पडलंय, फुलं टिकली तर बरं. मी म्हटलं, हो. वायरीचा विषय पुन्हा निघाला नाही. मी निघाले तेव्हा आकसणारी नळी मागे सरकवलेलीच होती.

घरी येताना मी गाडीत गाणी लावली नाहीत. मला त्यांची गरज नव्हती. मी ते सगळं डोळ्यांसमोर मांडत होते. पुढचा शनिवार. क्लबची आठदहा माणसं कागदी पेले घेऊन विमानाभोवती. मर्ल गुडघ्यावर बसलेला, नाकावर दोन चष्मे एकावर एक. मग त्याची ती हळू शीळ. मग डॅडकडे बघून, वेंडेल, हे काय रे? पुढे माणसं वाकून बघताहेत, कुणीतरी हसतंय, गिरणीचा इलेक्ट्रिशियन म्हणे. आणि डॅड. त्याचा चेहरा मी पुन्हा पुन्हा जुळवून पाहिला, कारण तसा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. एकदा मी त्याला लाल केलं, एकदा पांढरं. एकदा तो माझ्याकडे वळून बघतो आणि त्याला कळतं की मला माहीत होतं. हे मला सगळ्यात आवडलं. त्यावर मी बराच वेळ थांबले, चाळीस मैल तरी. तो मरावा असं माझ्या मनात आलं नव्हतं. हे मी अनेकदा तपासून पाहिलंय, जसं पान तपासतात तसं, खालून वर, शब्द उलटे वाचत. नव्हतं आलं. मला फक्त तो चार माणसांत उघडा पडलेला हवा होता. त्या रात्री मला छान झोप लागली.

रविवारी सकाळी मी आमच्या इमारतीच्या तळघरातल्या यंत्रात धुतलेले कपडे वाळवत होते. यंत्राची घरघर चालू होती म्हणून फोनवरचं मर्लचं पहिलं वाक्य मला ऐकू आलं नाही. "परत सांग," मी म्हटलं. त्याला ते परत सांगावं लागलं. मॉम चर्चला गेलेली असताना डॅड एकटाच धावपट्टीवर गेला होता. त्याला गर्दी नको होती, बघे नको होते. असं बरेच जण करतात. विमान चांगलं वर गेलं. तीनशे फुटांवर इंजिन बंद पडलं, खोकलं नाही, नुसतं बंद. तो वळायला गेला. क्रॅनबेरीच्या तळ्याच्या बांधावर एक पंख टेकला. तळ्यावर पंप बघायला आलेला माणूस धावत गेला, पण धावण्यासारखं काही राहिलं नव्हतं. "मॅरिट," मर्ल म्हणाला, "तू बसलीयस ना?" मी उभी होते. यंत्राच्या काचेआड माझे पांढरे टॉवेल गोल फिरत होते आणि अजून अठरा मिनिटं बाकी होती. मी ती अठरा मिनिटं थांबले. यंत्रातून टॉवेल काढले, घडी घातली, मग निघाले. हे कुणाला सांगितलं तर ते म्हणतात धक्का बसला की असं होतं. मी मान हलवते. धक्का बसला होताच. पण मी थांबले ते त्यासाठी नाही. गाडीत बसले की अडीच तास मला तोच रस्ता उलट्या बाजूनं जायचा होता, ज्याच्यावर मी काल डॅडचा चेहरा जुळवत आले होते.

अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं, बायकांनी आणलेले नूडल्स-मांसाचे भाजलेले थाळे, थरथरणारी हिरवी जेली. क्लबची माणसं कोट घालून अवघडून उभी होती. प्रत्येकानं माझा हात हातात घेतला आणि प्रत्येकजण हवामानाबद्दल बोलला. हवामान चांगलं होतं त्या दिवशी, हाच त्यांचा सगळ्यात मोठा शोक होता. हवेला दोष देता येत नव्हता. आठवड्यानं चौकशी खात्याची बाई आली. माझ्याहून लहान, पायात चिखलाचे बूट, बोलायला मऊ. तिनं विचारलं, शनिवारी काम चालू असताना तुम्हाला काही वेगळं दिसलं का? मी म्हटलं, नाही. ती लिहून घेत होती. 'नाही' लिहायला वेळ लागत नाही, तरी तिचा पेन थोडा जास्त चालला असं मला वाटलं. "अर्थिंगचा जोड तुम्ही पाहिला होता?" "दिवा मी धरला होता." हेही खरं होतं. मला खरं बोलायची सवय आहे. मी फक्त पुढचं वाक्य बोलत नाही.

शहरात परतल्यावर मला ओढायची सवय लागली. कपाटाची मूठ, बसमधला दांडा, जॅकेटची चेन, जे हाताला येईल ते. एकदा ऑफिसात शेजारणीच्या दिव्याची वायर मी इतकी ओढली की तो बंद पडला आणि ती माझ्याकडे बघत राहिली. मग स्वतःची बोटं, एकेक, मुळापासून. कामाचं मात्र काही बिघडलं नाही. उलट मी पूर्वीपेक्षा बारीक बघू लागले. जुलैत सहावीच्या भूगोलात एका नदीचं मुख चुकीच्या सरोवरात दाखवलं होतं. ते मला दिसलं, मी पेन्सिल टेकवली, आणि उचलली. बघू या, म्हटलं. पान पुढे गेलं. पुस्तक छापून झालं, गठ्ठे गेले, मुलांच्या दप्तरांत गेलं. काहीच झालं नाही. कुणी मेलं नाही. मी एक महिना वाट पाहिली. डॅड म्हणायचा तेच खरं, कागद आकाशातून पडत नाही. मला वाटतं त्या महिन्यात मी सगळ्यात जास्त त्याची झाले, त्याच्या बाजूची. आणि त्याच महिन्यात मॉमनं फोनवर सांगितलं की मर्लनं हँगर आवरायला घेतलंय, तुझ्या काही वस्तू असतील तर येऊन घेऊन जा.

हँगर रिकामं झाल्यावर लहान वाटत होतं. मर्लनं हत्यारं खोक्यांत भरली होती. तो वहीचं शेवटचं पान उघडून उभा होता. चौकशीवाल्यांनी वही परत केली होती. "हे तू पाहिलंयस का?" त्यानं विचारलं. मी पाहिलं नव्हतं. डॅडची ती मोठी वाकडी अक्षरं. नऊ मे. संगणकाची अर्थिंग, नवी जागा. काम, वेंडेल. आणि शेजारच्या रकान्यात, जिथं अकरा वर्षं मर्लचं नाव होतं तिथं, मॅरिट. मी ते नाव वाचलं आणि मला ते माझं आहे हे कळायला वेळ लागला. मग मला तो शनिवार परत दिसला. तो वायर माझ्या बाजूला वळवून का धरून बसला होता. किती वेळ धरून बसला होता. मिरवत नव्हता. तो थांबला होता. मर्लसाठी थांबायचा तसाच. आणि मी दिवा बाजूला ठेवून डबा उघडला, म्हणजे रीतीप्रमाणे मी होकार दिला. गप्प उठून गेले. मी घरी निघाल्यावर त्यानं माझं नाव लिहिलं, नळी पुढे घेतली, तापवून बसवली. मग पुढच्या शनिवारपर्यंत थांबायचं त्याला काही कारण उरलं नाही. दोनशे पिना ओढून पाहिल्या, अडतीस वायरी कापल्या, आणि शेवटी माझ्या डोळ्यांवर त्यानं आपला जीव ठेवला. एवढी मोठी गोष्ट तो आयुष्यात पहिल्यांदा बोलत होता आणि ती तो वायर धरून बोलला. आमच्या घरात दुसरं कसं कुणी बोलणार होतं?

"मला जरा लागलंच," मर्ल म्हणाला. "अकरा वर्षं मी. आणि शेवटचं तुझं नाव." मग तो हसला आणि हसू अर्ध्यातच सोडून खोकं बांधू लागला.

ऑक्टोबरमध्ये अहवाल आला. शनिवार होता. मॉमच्या स्वयंपाकघरात मर्ल, मॉम आणि मी. खिडकीतून लांबवर तळी दिसत होती. तोडणीसाठी आत पाणी सोडून फळं वर तरंगवली होती आणि माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून लाल फळं एका बाजूला लोटत होती. मर्ल चष्मा पुसत होता. अहवाल त्यानं आधीच वाचला होता, आमच्यासमोर वाचायचं नाटक करत होता.

"अर्थिंगचा लग," तो म्हणाला. "प्लास्टिकवर दाबलेला. जमिनीवर चाललं, वर गेल्यावर थरथरीनं सुटलं. बस. बाकी विमानाला काही झालं नव्हतं. तुझ्या सगळ्या वायरी, पोरी, एकही सुटली नव्हती. पडल्यावरसुद्धा नाही."

"त्याची बोटं," मॉम म्हणाली. "मी किती म्हटलं त्याला, डॉक्टरकडे जा."

"मी असतो तर," मर्ल म्हणाला. "सहा दिवस थांबला असता तर. मी आता कुणाचं विमान बघत नाही, आर्लिस. क्लबला सांगून टाकलं. मला उघडा जोड बघितला की घाम फुटतो."

"तू काय केलंस? तुला तर त्यानं बोलावलंही नाही," मॉम म्हणाली.

"तेच. का नाही बोलावलं? मी मागच्या हिवाळ्यात त्याला बोललो होतो, तुझी नजर गेली आता, तू कोंबड्या पाळ. तेव्हापासून तो माझ्याशी नीट बोलत नव्हता. म्हणून त्यानं माझ्याऐवजी..." तो थांबला. माझ्याकडे न बघता त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. जड, गरम हात. "आणि तू मनाला लावून घेऊ नकोस. तुला कुणी शिकवलं होतं हे बघायला? पिना दाबणं वेगळं आणि दुसऱ्याचं काम तपासणं वेगळं. चाळीस वर्षांनी मलासुद्धा कधी कधी दिसत नाही. क्लबमध्ये कुणी तुझ्याबद्दल वाकडं बोलत नाही. बोललं तर माझ्याशी गाठ आहे."

"मी तर पाद्रीबुवांसमोर सांगितलं," मॉम म्हणाली, "की माझ्या मनात तिच्याबद्दल काही नाही. तिला नाही दिसलं, तर नाही दिसलं."

त्यांनी मला माफ केलं होतं. दोघांनी आधी बोलून ठेवलं असणार, कारण वाक्यं एकमेकांत नीट बसत होती. मला फक्त मान हलवायची होती. मान हलवली असती तर मर्लनं कॉफी संपवली असती, मॉमनं फ्रीजमधून केक काढला असता, आणि आम्ही तिघं आयुष्यभर त्या वाक्याखाली राहिलो असतो, मर्ल घाम पुसत आणि मी माफ केलेली. मी ते करायला तयार होते. पाच महिने तेच तर करत होते. पण ते 'नाही दिसलं' माझ्या दातांत अडकलं. मला लाजेनं सांगवत नाही, पण जे पहिल्यांदा उसळलं तो पश्चात्ताप नव्हता. मला, चूक दिसली नाही? मला? जगातला एकच माणूस असा होता ज्याला माझ्या डोळ्यांची किंमत कळली होती, आणि ही दोघं त्याच्या मरणावरून मला आंधळी ठरवत होती, आणि त्याबद्दल माझ्या खांद्यावर थोपटत होती. हा राग त्याचाच होता, डॅडचा, जसाच्या तसा माझ्यात उतरलेला. आणि मला कळलं की मी बोलले तर या रागापोटी बोलेन, चांगुलपणापोटी नाही, आणि तरीही बोललं पाहिजे. मर्लचा हात अजून खांद्यावर होता.

मॉम माझ्याकडे बघत होती. तिचा टेबलावर आपटणारा चमचा थांबला होता. एवढी वर्षं जी बाई भांडी वाजवून बोलायची ती आता अजिबात आवाज न करता बसली होती. "मॅरिट," ती म्हणाली, अगदी हळू, "तू पुस्तकात एक टिंब हललेलं बघतेस. लहानपणी एका अंधाऱ्या माळेत तू... तुला खरंच नाही दिसलं?"

"आर्लिस, जाऊ दे," मर्ल म्हणाला.

"मी तिला विचारतेय."

बाहेर तळ्यावर कुणीतरी कुणाला हाक मारली, आणि दुसरा तिथूनच काहीतरी ओरडून हसला.

"दिसलं," मी म्हटलं.

मर्लचा हात उचलला गेला नाही. तो फक्त हलका झाला.

"त्यानं वायर माझ्यासमोर धरली होती. उजेड माझ्या हातात होता. नळीच्या तोंडात तांबं नव्हतं. मला लगेच दिसलं."

"मग बोलली का नाहीस?" मॉमनं विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं, जसं एखाद्याला वाट विचारतात. मी तिच्याकडे बघून बोलू शकले असते, पण मी मर्लकडे बघितलं, कारण पुढचं वाक्य त्याच्यासाठी होतं, आपली चूक झाली या समजातून सुटायचा त्याला हक्क होता.

"मर्ल, तुझी काही चूक नाही. शनिवारी तू येशील, तुला ते दिसेल, आणि तू सगळ्यांसमोर ते वर धरून त्याला दाखवशील, म्हणून मी गप्प बसले. माझ्या बापाची जिरलेली मला बघायची होती."